थायलंडच्या डोंगराळ उत्तरेत स्वतःच्या वाहनाने: मॅ हाँग सॉन फेरीचे नियोजन कसे करावे?

२०२४ या एका वर्षात २१ लाखांहून अधिक भारतीयांनी थायलंडला भेट दिली. भारतीय सहल कंपन्यांचे कार्यक्रम बहुधा बँकॉक, पट्टाया, फुकेत आणि क्राबी एवढ्या परिघातच आखलेले असतात. या परिघाबाहेरचा थायलंड, म्हणजे भातशेतीची खोरी, सागाची वने आणि डोंगरउतारावरील वस्त्या पाहायच्या असतील, तर वाहन हाताशी असणे सोयीचे ठरते. अशा प्रवासासाठी उत्तर थायलंडमधील ‘मॅ हाँग सॉन फेरी’ हा मार्ग विशेष प्रसिद्ध आहे.

चिआंग माई येथून निघून पाई, मॅ हाँग सॉन, खुन युआम आणि मॅ सारियांग या गावांवरून पुन्हा चिआंग माईला परतणारी ही वर्तुळाकार वाट सुमारे ६०० किलोमीटरची आहे. तीत १,८६४ वळणे असल्याचे सांगितले जाते. फेरी करणाऱ्या प्रवाशांना मॅ हाँग सॉन शहरात या संख्येचा उल्लेख असलेले प्रमाणपत्रही मिळते.

सपाट महामार्गावर ६०० किलोमीटर अंतर एका दिवसात कापता येईल. येथे मात्र त्यासाठी पाच ते सहा दिवस हाताशी ठेवावे लागतात. या प्रवासातील बहुतेक अडचणी, आणि दुर्दैवाने अनेक अपघातही, नियोजन अंतरावरून केल्यामुळे उद्भवतात. तास, दिवसाचा उजेड आणि वाहन चालवण्याचा योग्य परवाना या तीन गोष्टींवरून आखणी केली, तर ही फेरी सर्वसाधारण चालकाच्याही आवाक्यातील आहे.

मार्ग आणि क्रमांक

थायलंडमधील रस्त्यांचे क्रमांक समजून घेतले, तर नकाशा वाचणे सोपे जाते. क्रमांकातील पहिला अंक विभाग दर्शवतो. १ म्हणजे उत्तर, २ म्हणजे ईशान्य, ३ म्हणजे मध्य आणि पूर्व, तर ४ म्हणजे दक्षिण. एकअंकी क्रमांक देशाच्या प्रमुख महामार्गांचे असतात. अंकांची संख्या वाढत जाते, तसे रस्त्याचे स्वरूप अधिक स्थानिक होत जाते. चारअंकी क्रमांकाचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि डोंगरातून जाणारा असण्याची शक्यता अधिक असते.

या फेरीची सुरुवात १०७ क्रमांकाच्या मार्गाने होते. चिआंग माईच्या उत्तरेस मॅ मालाई येथे डावीकडे वळल्यावर १०९५ हा रस्ता लागतो. तो पाईवरून मॅ हाँग सॉनला पोहोचतो. तेथून दक्षिणेकडे जाणारा आणि पुढे चिआंग माईला परतणारा रस्ता १०८ क्रमांकाचा. हे तीन क्रमांक लक्षात ठेवले, तरी मुख्य वाट चुकण्याचा प्रश्न सहसा येत नाही. रस्त्यांवरील फलक थाई आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत असतात.

गावांची नावेही बरीच माहिती देतात. ‘बान’ म्हणजे गाव, ‘दोई’ म्हणजे डोंगर, ‘थाम’ म्हणजे गुहा, ‘नोंग’ म्हणजे तळे आणि ‘वात’ म्हणजे बौद्ध मंदिर. ‘मॅ’ या शब्दाचा मूळ अर्थ आई. थाई भाषेत नदीला ‘मॅ नाम’, अर्थात ‘पाण्याची आई’, म्हणतात. त्यामुळे ‘मॅ’ने सुरू होणारे गाव बहुधा एखाद्या नदीच्या खोऱ्यात वसलेले असते. मंदिरांच्या नावात वारंवार आढळणारा ‘थात’ हा शब्द संस्कृत ‘धातु’वरून आला असून त्याचा अर्थ पवित्र अवशेष असा होतो.

कोणत्या महिन्यांत जावे?

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ या प्रवासासाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. पाऊस थांबलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि डोंगरांवर हिरवळ टिकून असते. पहाटे मात्र कडाक्याची थंडी पडते आणि दऱ्यांत दाट धुके साठते. थायलंड म्हणजे उष्ण प्रदेश, या समजुतीने लोकरीचे कपडे न नेणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ टाळणे श्रेयस्कर. या दिवसांत शेतातील अवशेष जाळले जातात आणि जंगलांना वणवे लागतात. शेजारील म्यानमार आणि लाओसमधील धूरही येथील खोऱ्यांत साचून राहतो. २०२३ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत चिआंग माईची गणना काही दिवस जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांत झाली होती. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या काळात तेथे जाणे टाळावे. धुरामुळे डोंगरांचे दर्शनही होत नाही.

मे ते ऑक्टोबर हा पावसाळा. डोंगर अतिशय सुंदर दिसतात, परंतु दरडी कोसळतात आणि रस्ते निसरडे होतात. २०२४ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये चिआंग राई आणि चिआंग माई परिसरात मोठे पूर आले होते. पावसाळ्यात जायचेच असेल, तर एक-दोन दिवस अधिकचे राखून ठेवावेत.

१३ ते १५ एप्रिल या काळातील सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, आणि इंग्रजी नववर्षाची सुटी या दोन्ही वेळी रस्त्यांवर प्रचंड गर्दी असते. या सुट्यांतील अपघातांचे प्रमाण इतके मोठे असते की, थाई प्रसारमाध्यमांत त्यांना ‘सात धोक्याचे दिवस’ म्हटले जाते.

परवाना आणि विमा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये थायलंडमधील रस्ते अपघातांतील मृत्यूंचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ होते. २०२१ पर्यंत ते सुमारे २५ पर्यंत खाली आले, तरी जगाच्या सरासरीहून ते बरेच अधिक आहे. यातील बहुसंख्य मृत्यू दुचाकीस्वारांचे आहेत. प्रवासाच्या कागदपत्रांचा विचार या पार्श्वभूमीवर करणे आवश्यक आहे.

थायलंडमध्ये वाहन चालवण्यासाठी भारतीय पर्यटकाने मूळ भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना बाळगावा. तो भारतातच, आपल्या विभागाच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून घ्यावा लागतो. परिवहन सेवा संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते आणि मूळ परवाना त्याआधी संपत असेल, तर तेवढीच. थायलंडला पोहोचल्यावर हा परवाना मिळवण्याची सोय नाही, म्हणून प्रवासापूर्वी काही आठवडे हे काम उरकावे.

येथे एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. आंतरराष्ट्रीय परवान्यावर वाहनांचे वर्ग स्वतंत्रपणे नोंदवलेले असतात. ज्याच्या परवान्यावर केवळ मोटारीची नोंद आहे, त्याला दुचाकी चालवण्याचा अधिकार नाही. स्कूटर भाड्याने देणारे दुकानदार बहुधा याची चौकशी करत नाहीत. तपासणी नाक्यावर पोलीस दंड आकारून सोडून देतात, त्यामुळे सर्व काही सुरळीत आहे असा समज होतो. दंड भरल्याने परवाना मिळत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते, आणि योग्य परवाना नसेल तर रुग्णालयाचा खर्च देण्यास नकार देऊ शकते. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेऊन रुग्णाला मायदेशी आणावे लागले, तर हा खर्च सामान्य कुटुंबाला पेलण्याजोगा राहत नाही.

थायलंडमध्ये प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा असतो. परंतु त्यातून मिळणारे वैद्यकीय साहाय्य मर्यादित असते आणि वाहनाच्या नुकसानीची भरपाई त्यात येत नाही. म्हणून मोटार घेताना तिला सर्वसमावेशक विमा आहे काय, आणि अपघात झाल्यास भाडेकरूला स्वतः किती रक्कम भरावी लागेल, हे करारात वाचून घ्यावे. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्याच्या अटींत दुचाकीचा समावेश आहे किंवा नाही, हेही तपासावे.

वाहन भाड्याने देणारा अनामत म्हणून पासपोर्ट मागत असेल, तर तो देऊ नये. त्याऐवजी रोख अनामत आणि पासपोर्टची छायाप्रत द्यावी. ही फेरी म्यानमारच्या सीमेलगत जाते. वाटेत लष्कर व पोलिसांचे तपासणी नाके आहेत आणि तेथे मूळ पासपोर्ट दाखवावा लागू शकतो. वाहन ताब्यात घेताना त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवल्यास जुन्या ओरखड्यांवरून नंतर वाद होत नाहीत.

मोटार की दुचाकी?

थायलंडमध्ये भारताप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे भारतीय चालकाला नवी सवय लावून घ्यावी लागत नाही. सह्याद्रीच्या घाटांत वाहन चालवलेल्यांना तीव्र वळणेही अपरिचित वाटणार नाहीत. रस्त्यांचा पृष्ठभाग सर्वसाधारणपणे उत्तम आहे आणि हॉर्नचा वापर फारच कमी होतो. मात्र रस्ता चांगला असल्यामुळेच वेग वाढतो, हा येथील खरा धोका आहे.

कुटुंबासोबत जाणाऱ्यांनी, तसेच घाटात दुचाकी चालवण्याचा सराव नसलेल्यांनी मोटारच घ्यावी. लहान इंजिनाची मोटार चार माणसे आणि सामानासह चढणीवर दमते. उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्यास ते तापतात आणि निकामी होऊ शकतात. स्वयंचलित गिअरच्या वाहनातही खालचा गिअर निवडून वेग आटोक्यात ठेवावा. दुचाकीवर चालक आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे.

मद्यपान करून वाहन चालवण्याविरुद्धचे नियम कडक आहेत. रक्तातील मद्याची कमाल मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम असून, वीस वर्षांखालील आणि नवशिक्या चालकांसाठी ती २० मिलिग्रॅम आहे. इंधन भरताना पंपावर ‘गॅसोहोल’ हा शब्द दिसतो. हे इथेनॉलमिश्रित पेट्रोल होय. आपल्या वाहनाला कोणते इंधन चालते, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. मोठ्या गावांदरम्यान पंप विरळ असल्याने टाकी निम्मी होताच भरून घ्यावी.

सहा दिवसांचा आराखडा

हिवाळ्यात येथे संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात घाटातून वाहन चालवायचे नाही, असा नियम केल्यास रोजचा प्रवास चार वाजेपर्यंत संपवावा लागतो. पुढील आराखडा त्या हिशेबाने केला आहे.

पहिला दिवस: चिआंग माई ते पाई. अंतर सुमारे १३० किलोमीटर आणि वाहन चालवण्याचा वेळ तीन तासांहून अधिक. केवळ या टप्प्यातच ७६२ वळणे असल्याचे सांगतात. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हलका आहार घ्यावा. पाईच्या अलीकडे, वाऱ्या-पावसाने झिजलेल्या मातीच्या अरुंद कड्यांचा ‘पाई कॅन्यन’ हा परिसर आहे. तेथे कठडे नाहीत, याची मुले सोबत असणाऱ्यांनी जाणीव ठेवावी.

दुसरा दिवस: पाई ते मॅ हाँग सॉन, सुमारे ११० किलोमीटर. वाटेत पांग मफा तालुक्यात मुख्य रस्त्यापासून काहीसे आत ‘थाम लोत’ ही प्रचंड गुहा आहे. नाम लांग नदी या गुहेतून आरपार वाहते. स्थानिक वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. कंदील घेतलेला वाटाड्या आणि बांबूचा तराफा यांच्या साहाय्याने गुहेचे भाग पाहता येतात. एका दालनात लाकडाचे ओंडके कोरून केलेल्या प्राचीन शवपेट्यांचे अवशेष आहेत. या गुहेसाठी किमान दोन तास राखून ठेवावेत.

तिसरा दिवस: मॅ हाँग सॉन परिसर. १८३१ मध्ये हत्ती पकडून त्यांना शिकवण्यासाठी येथे तळ पडला आणि त्यातून हे गाव वाढले, असे इतिहास सांगतो. शान लोकांच्या शैलीतील वात चोंग खाम आणि वात चोंग क्लांग ही मंदिरे तळ्याच्या काठी शेजारी-शेजारी उभी आहेत. दोई काँग मू टेकडीवरून संपूर्ण खोरे दिसते. उत्तरेस सीमेलगत बान रक थाई हे गाव आहे. चीनमधील यादवी युद्धात १९४९ साली पराभूत झालेल्या कुओमिंतांग पक्षाच्या सैन्यातील काही सैनिक ब्रह्मदेशमार्गे थायलंडमध्ये आले. त्यांच्या वंशजांचे हे गाव आज चहाच्या मळ्यांसाठी ओळखले जाते.

चौथा दिवस: मॅ हाँग सॉन ते मॅ सारियांग, सुमारे १६० किलोमीटर. वाटेतील खुन युआम गावाचा भारताच्या इतिहासाशी संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने थायलंडमधून ब्रह्मदेशाकडे जाणारी वाट या भागातून तयार करण्याचे काम हाती घेतले होते. १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमा येथे पराभव पत्करून जपानी सैन्य मागे फिरले, तेव्हा अनेक आजारी व जखमी सैनिक सीमा ओलांडून येथे पोहोचले. गावकऱ्यांनी त्यांना आश्रय दिला. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू येथील थाई-जपान मैत्री संग्रहालयात जतन केल्या आहेत. नोव्हेंबरमध्ये प्रवास असेल, तर जवळच्या दोई मॅ ऊ खो या डोंगरावरील पिवळ्या रानसूर्यफुलांचा बहर अवश्य पाहावा.

पाचवा दिवस: मॅ सारियांग ते चोम थोंग, सुमारे १३० किलोमीटर. मार्गात हॉटच्या अलीकडे ओब लुआंग ही खडकाळ घळ लागते. दुपारनंतर विश्रांती घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे असते.

सहावा दिवस: दोई इन्थानोन आणि चिआंग माई. २,५६५ मीटर उंचीचे हे थायलंडमधील सर्वोच्च शिखर असून १००९ क्रमांकाचा रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो. चिआंग माईचे राजे इन्थाविचयानोन यांचे नाव या शिखराला देण्यात आले आहे. माथ्याजवळील दोन स्तूप राजे भूमिबोल आणि राणी सिरिकिट यांच्या साठाव्या वाढदिवसांनिमित्त अनुक्रमे १९८७ आणि १९९२ मध्ये उभारण्यात आले. डोंगरातील भाजीपाला व फुलांच्या शेतीमागे १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘रॉयल प्रोजेक्ट’ची पार्श्वभूमी आहे. अफूच्या लागवडीला पर्याय देणे, हा त्या प्रकल्पाचा एक प्रमुख हेतू होता.

वाटेवरची माणसे

या फेरीत शान, कॅरेन, हमाँग, लिसू, लाहू अशा अनेक समाजांची गावे लागतात. यांतील कित्येकांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत असूनही त्यांना दीर्घकाळ नागरिकत्व मिळाले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांना कायम निवास आणि नागरिकत्व देण्याची प्रक्रिया वेगवान करण्यास मंजुरी दिली.

मॅ हाँग सॉनजवळच्या कायान वस्त्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गळ्यात पितळी वेटोळी घालणाऱ्या या समाजातील स्त्रियांची छायाचित्रे पर्यटन पुस्तिकांत सर्रास छापली जातात. मात्र येथील बहुतेक कायान कुटुंबे म्यानमारमधील संघर्षामुळे सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची आहेत. काही कायान निर्वासितांना फिनलंड आणि न्यूझीलंडने आश्रय देऊ केला असताना, थायलंडमधून बाहेर पडण्याची परवानगी त्यांना दिली जात नसल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने २००८ मध्ये जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. दुसरीकडे, हातमागाच्या वस्तूंची विक्री हे या स्त्रियांच्या उपजीविकेचे साधन आहे. जावे की न जावे, हा निर्णय प्रत्येकाने स्वतः घ्यायचा आहे. गेल्यास परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये, वस्तू थेट तयार करणारीकडून घ्यावी आणि थोडा वेळ बसून बोलावे.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत आणि बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. राजघराण्याविषयी टीकाटिप्पणी कायद्याने गुन्हा ठरू शकते. नमस्कारासारखेच हात जोडून केलेले ‘सवात्दी’ हे अभिवादन सर्वत्र चालते. हा शब्द संस्कृत ‘स्वस्ति’वरून घडवण्यात आला आहे.

शाकाहारी प्रवाशांनी ‘जे’ हा शब्द ध्यानात ठेवावा. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल, तर तेथे मांस, मासे आणि दूधही वर्ज्य असलेले जेवण मिळते. केवळ ‘भाजी’ मागितल्यास ती माशांपासून केलेल्या ‘नाम प्ला’ या सॉसमध्ये शिजवलेली असू शकते.

निघण्यापूर्वी

भारतीय पर्यटकांना थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसातून सूट दिली होती. त्यानंतर नियमांत बदल होत आले असल्याने तिकिटे काढण्याआधी थायलंडच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनपूर्व तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावे लागते.

म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर संघर्ष पेटला असून त्याची झळ सीमेपर्यंत पोहोचली आहे. मॅ सारियांगहून साल्विन नदीकडे किंवा अन्य आडवाटेने सीमेलगत जाण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडे विचारणा करावी. २०२५ च्या जुलै आणि डिसेंबरमध्ये थायलंड व कंबोडिया यांच्यातही सीमेवर लढाई झाली. त्यामुळे प्रवास ईशान्येकडे वाढवण्याचा विचार असेल, तर भारतीय दूतावासाच्या सूचना आधी पाहाव्यात.

पर्यटक पोलिसांसाठी ११५५, रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि महामार्ग पोलिसांसाठी ११९३ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण डोंगरात मोबाइलचे जाळे अधूनमधून तुटते. नकाशाही आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा.

शेवटची सूचना वेळापत्रकाविषयी. परतीचे विमान सहाव्या दिवशी रात्रीचे घेऊ नये. चिआंग माईत एक मुक्काम अधिक ठेवावा. दरड, धुके, पंक्चर किंवा एखाद्या गावातील जत्रा यांपैकी काहीही आडवे आले, तर हाच एक दिवस चालकाला घाटात घाई करण्यापासून वाचवतो.